अकरा वाजताची जीभ

गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, द्राक्षबागांच्या मधोमध जी छोटी बिअरची फॅक्टरी आहे, तिथे मालकापेक्षा जास्त वचक सुवर्णा पिंगळेच्या जिभेचा होता. मालक समर्थ वयाने लहान, स्वभावाने गरीब, आणि त्याला स्वतःला बिअरपेक्षा लिचीचं सरबत आवडे. त्यामुळे कोणता माल बाहेर जायचा आणि कोणता नाही, हे सुवर्णा ठरवी. तिने ग्लास खाली ठेवून मान हलवली की माल पास. तिने ग्लास खाली ठेवून नुसतंच खिडकीबाहेर पाहिलं की माल अडला.

सुवर्णा मखमलाबादच्या फुलं लावणाऱ्या घरातली. शेवंतीचा कोणता वाफा उद्या तोडायला येईल हे ती लहानपणी डोळे मिटून, वासावरून सांगायची म्हणतात. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी नाक तिखट होतं हे मान्य करावं लागेल. मायक्रोबायॉलॉजी शिकली, आठ वर्षं वाइनच्या कारखान्यात काढली आणि मग इथे आली. लग्न केलं नाही. ती कथा वेगळी आहे आणि कोणी विचारलेली तिला आवडत नाही. घरी आई सावित्रीबाई. त्या शेजारणींना सांगत, 'आमची सुवर्णा जवाच्या कंपनीत हाय.' खोटं नव्हतं ते. जव लागतातच.

तिची सगळ्यात लाडकी बिअर कडू होती. भरपूर हॉप्स घातलेली, पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायला लावणारी आणि दुसऱ्या घोटाला माणूस आपलासा करणारी. तिचं नावच तिने 'कारलं' ठेवलं होतं. समर्थ म्हणाला होता, "मॅडम, या नावाने कोण पिणार?" नाशिकची पोरं अशी काही तुटून पडली की विचारू नका. दर शनिवारी दुपारी काम संपलं की सुवर्णा स्वतःसाठी अर्धा ग्लास कारलं काढून घेई आणि मागच्या दारात, बागेकडे तोंड करून सावकाश पिई. आठवड्यातलं तेवढंच काय ते तिचं सुख.

माल चाखायची वेळ ठरलेली. सकाळी सव्वाअकरा. त्याआधी तिचं सोवळं असे. सकाळपासून चहा नाही, बडीशेप नाही, लवंग नाही. दात घासायचे तेसुद्धा नुसत्या मिठाने. चाखायच्या खोलीत अत्तर लावून आलेल्या निकिताला, म्हणजे लॅबमधल्या मुलीला, तिने एकदा बाहेर काढलं होतं. आणि गोटीरामला तर तिथे पाऊल ठेवायची बंदी. "तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेला काय कळतं?" असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. तो हसून बाहेर जायचा.

गोटीराम म्हस्के एकलहऱ्याचा. बावन्न वर्षांचा, वाळका, मितभाषी माणूस. रोज पंचवीस किलोमीटर स्कूटर हाकत यायचा. उकळत्या टाकीवर उभं राहून हॉप्स टाकायचं काम त्याचं. हॉप्स म्हणजे कडू फुलं दाबून केलेल्या, परदेशातून येणाऱ्या हिरव्या गोळ्या, दिसायला ढेपेच्या तुकड्यांसारख्या. गोटीराम त्यांना पेंडच म्हणे. एका घाण्याला तीन पाकिटं, सुवर्णाने स्वतः तोलून दिलेली. पहिलं उकळी फुटताच, दुसरं पाऊण तासाने, तिसरं आच बंद करताना. पहिल्याने कडूपणा येतो, शेवटच्याने वास. उलटं झालं की सगळा विचका. गोटीरामने स्वतःची एक पद्धत बसवली होती. टायमर वाजला की पाकीट रिकामं करायचं, त्यावर जाड पेनाने वेळ लिहायची आणि ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या अक्षरातली ती पाकिटं महिनोन्‌महिने खिळ्यावर लटकत असत. सुवर्णा त्याला 'भाऊ' म्हणे आणि तो तिला 'ताई'.

दिवाळीनंतर सुवर्णाने रक्त तपासलं. साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, गोड बंद करा, चाला, तीन महिन्यांनी बघू. सुवर्णाने त्याच दिवशी साखर-गूळ सोडला, चहासुद्धा बिनसाखरेचा. पण सावित्रीबाईंचं एवढ्यावर समाधान होणार थोडंच? पेठ तालुक्यातून एक बाई बाजारात पाला विकायला यायची. 'शुगरचा पाला' म्हणून तिच्याकडे बायकांची रांग लागे. दुपारच्या जेवणाआधी चार पानं चावून चावून खायची, वर पाणी प्यायचं. सावित्रीबाईंनी पानं निवडून, धुऊन डब्यात भरून दिली आणि रोज अकराच्या ठोक्याला फोन सुरू केला.

"खाल्ला का गं पाला?"

"खाते, आई."

"आत्ता खा. मी ऐकते. गिळायचा नाय, चावायचा."

आणि सुवर्णा फोन कानाला लावून पानं चावायची, चूळ भरायची, आणि सव्वाअकराला चाखायला बसायची. लवंगेचा दाणा न चालणाऱ्या या बाईला त्यात काही खटकलं नाही. कसं खटकणार? आपल्याकडे निर्जळी उपवासालासुद्धा औषध चालतं. औषध म्हणजे काही खाणं नव्हे, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं असतं. तिथे मायक्रोबायॉलॉजीचं काही चालत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारल्याचा नवा घाणा तयार झाला. सुवर्णाने घोट घेतला आणि तिच्या अंगावर काटा आला. नुसता कडू जहर. कडुनिंबाचा रस जणू. ती ज्याच्या जिवावर उड्या मारायची तो मागून येणारा मॉल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, गोडवा कुठेच नव्हता. तिने निकिताला चाखायला दिलं.

निकिता घाबरत म्हणाली, "मला तर नेहमीसारखीच वाटते, मॅडम."

"नेहमीसारखी? तुझी जीभ घरी विसरलीस का?"

पुढचा घाणाही तसाच निघाला. दोन्ही गोटीरामच्या हातचे. सुवर्णाने त्याला बोलावलं.

"भाऊ, तिसरं पाकीट पहिल्यांदा पडलंय."

"नाय ताई. घंटी वाजली का टाकायचं, एवढंच तर काम हे माझं. ही बगा पाकिटं." त्याने खिळ्यावरची सहाही पाकिटं काढून आणली. "वेळ लिवलेली हे."

"वेळ काय, नंतरही लिहिता येते, गोटीराम."

'भाऊ' गळून पडला होता. ते तिला तेव्हा कळलंही नाही. त्याला कळलं. तो पाकिटं हातात धरून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मी नंतर लिवत नसतो."

"जीभ खोटं बोलत नाही," सुवर्णा म्हणाली. तिने ती पाकिटं त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

परवानगीचे कागद करून आठशे लिटर कारलं गटारात सोडलं. गोटीराम नळी धरून उभा होता, कारण ते कामही त्याचंच. रजिस्टरमध्ये सुवर्णाने लिहिलं, 'गोटीराम म्हस्के यांच्या हलगर्जीपणामुळे माल नष्ट.' समर्थ म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम." ती म्हणाली, आणि गोटीराम घरी गेला. आठवड्याने विंचूरकडच्या एका कारखान्यातून तिला फोन आला, म्हस्के नावाचा माणूस कामाला विचारतोय, कसा आहे? सुवर्णाने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "हात भरवशाचा नाही." तिथलंही काम गेलं.

तिसरा घाणा तिने स्वतः टाकीवर उभं राहून काढला. टायमर तिचा, हात तिचे. तीन आठवड्यांनी चाखला, तर तोच कडुनिंब! आता तरी शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण ती हॉप्सच्या व्यापाऱ्यावर घसरली, मग पाण्यावर, मग जवाच्या पोत्यांवर. या जगात चूक करू शकतील अशा सगळ्यांची यादी झाली. फक्त स्वतःची जीभ तेवढी त्या यादीत आली नाही. शनिवारचा अर्धा ग्लास तर तिने कधीच बंद केला होता. नुसता वास आला तरी तोंड फिरवावंसं वाटे. आपलं मन कारल्यावरून उडालं याचं तिला वाईट वाटे, पण दोष ती कारल्यालाच देई.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी गोटीराम गेटवर आला. पीएफच्या कागदावर सही हवी होती. सणाचा दिवस म्हणून हातात स्टीलचा डबा होता. त्याने वॉचमनला लाडू दिला, निकिताला दिला, समर्थला दिला. मग तो सुवर्णासमोर आला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आईचा फोन नुकताच होऊन गेला होता.

"घ्या ताई. तिळगूळ घ्या, गोड बोला."

आज सणाचा एक तुकडा खायला हरकत नाही म्हणून सुवर्णाने लाडू तोडला आणि अर्धा तोंडात टाकला. तोंडात वाळू आणि मेण कालवल्यासारखं काहीतरी फिरू लागलं. चव नाहीच. तिच्या तोंडून निघून गेलं, "यात गूळ घालायला विसरल्या का तुमच्या घरी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. निकिता म्हणाली, "मॅडम, कसला गोड आहे! चिक्कीचा गूळ आहे."

गोटीरामने डब्याचं झाकण लावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. "आमच्या हातचं तुम्हाला आता गोड लागायचं नाय."

सही घेऊन तो गेला. उरलेला अर्धा लाडू सुवर्णाच्या टेबलावर कागदात पडून राहिला. जेवण झाल्यावर, एकच्या सुमारास, ती तो टाकून द्यायला उठली. कचऱ्याचा डबा पायाने उघडला आणि तिला आठवलं की याच डब्यात तिने ती पाकिटं टाकली होती. का कोण जाणे, तिने लाडू फेकला नाही. तोंडात टाकला.

गोड होता. चांगला दाटून गोड होता.

सुवर्णा खुर्चीवर बसली. तोच लाडू, तीच जीभ, मध्ये दोन तास. ती जेवढी गर्विष्ठ होती तेवढीच हुशारही होती, त्यामुळे पुढचं सगळं तिला एका दमात दिसलं. तिने फडताळातून राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या. प्रत्येक घाण्याच्या चार बाटल्या ठेवायचा नियम तिचाच. गोटीरामचा पहिला घाणा उघडला, घोट घेतला. कडू, आणि कडूच्या मागोमाग हळूच येणारा तो गोडवा. कारलं! तिचं कारलं. दुसरा उघडला, तो तर पहिल्याहून सरस. मग तिने पाल्याच्या डब्यातली चार पानं काढली, चावली, चूळ भरली, आणि त्याच ग्लासातून पुन्हा घोट घेतला. कडुनिंब.

त्या पाल्याने तासभर जिभेवरचा गोडवा तेवढा मारला जातो. कडू कडूच राहतं, उलट उघडं पडतं. साखर-गूळ सोडल्यामुळे तिला ते इतर वेळी कळायला काही मार्गच नव्हता. इतकं साधं होतं सगळं.

सुवर्णाने दाराला आतून कडी लावली. तिचे कान तापले होते. आठशे लिटर गेले याचं तिला काहीच वाटलं नाही. पाकिटं हातात धरून उभा असलेला गोटीराम डोळ्यांपुढून हलेना. 'वेळ नंतरही लिहिता येते.' खोटं न बोलणाऱ्या माणसाला आपण खोटारडा म्हटलं, त्याच्या तोंडावर, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान असून. ती लाजेने अक्षरशः टेबलावर डोकं ठेवून बसली.

एवढं कळल्यावर ती लगेच एकलहऱ्याला धावली असेल, असं कोणाला वाटेल. छे! लाज माणसाला धावू देत नाही, लपायला लावते. पहिल्या दिवशी ती समर्थला म्हणाली की हॉप्सचा लॉट खराब असावा. दुसऱ्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की गोटीरामला नुसतंच परत बोलवावं, कारण न सांगता. तिसऱ्या दिवशी आईशी भांडली. सावित्रीबाई म्हणाल्या, "पाल्यानं काय केलं तुझं? साखर तर उतरली!" खरंच उतरली होती. मग सुवर्णाने स्वतःला आणखी एक सवलत दिली, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, तोवर जाऊ. असे अकरा दिवस गेले. त्या दिवसांत ती रोज सव्वाअकराला कोऱ्या जिभेने चाखायला बसायची, आणि माल चांगला लागला की तिला रडू यायचं.

रथसप्तमीला रविवार होता. विंचूरच्या मालकाला तिने आदल्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, जागा भरली. समर्थलाही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बाहेर कशाला बोलायचं? आपल्यात ठेवू." ते ऐकून तिला एक क्षण बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच नंतर जास्त लाज वाटली.

एकलहऱ्याला घर शोधत ती पोचली, तर दारात चपलांचा ढीग. गोटीरामची बायको लताबाई हिचं हळदीकुंकू चाललं होतं. दहा-बारा बायका दाटीवाटीने बसलेल्या. पुरुषमाणूस आत नको म्हणून गोटीराम बाहेर ओट्यावर भाजीची गाडी पुसत बसला होता. आता तो भाजी विकायचा. सुवर्णाला पाहून तो उठला, "या ताई," म्हणाला आणि आत बघून ओरडला, "फॅक्टरीतल्या मॅडम आल्यात."

आतली कुजबुज थांबली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. लताबाईने तिला बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळाचा लाडू ठेवला. सुवर्णाने खाल्ला.

"लागला का गोड?" लताबाईने विचारलं. साधा प्रश्न नव्हता तो. एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

सुवर्णाला ठरवून आणलेलं सगळं एकांतात, हळू आवाजात बोलायचं होतं. पण त्या माणसाची अब्रू काही एकांतात गेली नव्हती.

"लागला," ती म्हणाली. "त्या दिवशीही गोडच होता. माझ्याच जिभेला चव नव्हती." आणि मग तिने त्या अनोळखी बायकांसमोर सगळं सांगितलं. पाला, अकराचा फोन, आठशे लिटर, पाकिटं, रजिस्टर, विंचूरचा फोन. "भाऊंच्या हातून काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी त्यांना खोटं पाडलं." कोणी तिची समजूत घातली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आगं बया, मी पण तोच पाला खाते."

ती बाहेर आली. गोटीराम ओट्यावर पाठमोरा बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"भाऊ, माफ करा. परत या कामाला."

त्याने हातातलं फडकं झटकलं. मग म्हणाला, "बिअर चांगली व्हती ना ताई?"

"फार चांगली होती."

"मला ठाऊक व्हतं. गटारात सोडायच्या आदी मी घोटभर चाखली व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तंबाखूवाल्याच्या जिभेला कोण इचारतं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नोकरीचं जाऊ द्या. ती पाकिटं तेवढी टाकायला नको व्हती तुम्ही."

सुवर्णाने ढिगातून आपल्या चपला शोधून पायात घातल्या आणि ती परत निघाली.

पहिल्या तारखेला गोटीराम कामावर आला. रजिस्टरमधली ती ओळ सुवर्णाने खोडली नव्हती. खोडली असती तर कोणी म्हटलं असतं, काय लिहिलं होतं कोण जाणे. तिच्या खाली तिने लिहिलं होतं, 'वरील नोंद चुकीची. चूक माझी. सुवर्णा पिंगळे.' गोटीरामने ते वाचलं आणि पान उलटलं. कारलं पुन्हा बाहेर जायला लागलं, शहरातली पोरं पुन्हा खूश झाली. शनिवारचा अर्धा ग्लासही सुवर्णाने पुन्हा सुरू केला. पूर्वीसारखाच लागतो तो, फक्त संपायला जास्त वेळ लागतो.

गोटीरामच्या पद्धतीत मात्र एक बदल झाला. आता टायमर वाजला की तो पाकीट रिकामं करतो, त्यावर वेळ लिहितो, पण लगेच खिळ्याला अडकवत नाही. ते घेऊन तो सुवर्णाच्या टेबलाशी येतो, पाकीट समोर ठेवतो आणि पेन पुढे करतो.

"इथं सही करा, ताई."

एका घाण्याला तीन पाकिटं, तीन सह्या. रागाने म्हणत नाही तो, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणतो. आणि सुवर्णा सही करते. सही करायला मान खाली घालावीच लागते, त्यामुळे त्या वेळी तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.